दहावीतला मुलगा, पन्नास रुपयांचा पेनड्राइव्ह आणि दुकानातला कोरल

पत्र (नाव-गाव गाळून, थोडक्यात):

"ताई, तालुक्याच्या गावी माझं डीटीपी-फ्लेक्सचं दुकान आहे. मुलगा दहावीला. मागच्या वर्षी दुकानातला कॉम्प्युटर बदलताना ग्राफिक्स कार्डासकट जरा बरा घेतला. दिवसा माझं काम, रात्री तासभर त्याचा गेम, असं ठरलं होतं. परवा वर्गशिक्षकांचा फोन आला. चिरंजीव वर्गातल्या मुलांना पेनड्राइव्हवर गेम टाकून देतात, एका गेमचे पन्नास रुपये. घरी विचारलं तर तो जराही ओशाळला नाही. म्हणाला, 'स्पायडरमॅनचा गेम चार हजारांचा आहे, तुम्ही घेऊन देणार होता का? नाही ना? मग कंपनीचं काय गेलं? त्यांच्याकडचा एक कमी झाला का?' मी म्हणालो, ही चोरी आहे. त्यानं दुकानाकडे बोट दाखवलं. 'पप्पा, कोरल कुठून आणलंत?' (कोरल म्हणजे आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर, आणि दुकानातलं चोरटंच आहे.) मी गप्प बसलो. आता काय करू? नेट बंद करू, चार हजार घालून गेम घेऊन देऊ, की वय आहे म्हणून सोडून देऊ? बायको म्हणते दहावीचं वर्ष आहे, गेमच बंद करा. मला त्याला एवढंच पटवून द्यायचंय की चोरी ती चोरीच."

नमस्कार.

तुम्ही नेटबद्दल विचारलंत, चार हजारांबद्दल विचारलंत, दहावीबद्दल विचारलंत. पन्नास रुपयांबद्दल काहीच विचारलं नाहीत, आणि वर्गशिक्षकांनी फोन केला होता तो त्याच्यासाठीच. म्हणून आधी ते.

परवडत नाही म्हणून स्वतः खेळणारा मुलगा वेगळा आणि दर लावून विकणारा वेगळा. तुमच्याशी भांडताना तो पहिल्याची बाजू मांडत होता आणि वागत होता दुसऱ्यासारखा. 'कंपनीचं काय गेलं' हे वाक्य ज्याच्या खिशात खरंच काही नाही त्याच्या तोंडी थोडंफार शोभतं. पण वर्गातल्या ज्या मुलांनी पन्नास-पन्नास काढून दिले, त्यांची काहीतरी मोजायची तयारी होती, हे तर उघडच आहे. ते पैसे गेले कोणाकडे? ज्यानं त्या गेमची एक ओळ लिहिली नाही की एक चित्र काढलं नाही त्याच्याकडे. त्याला हेच विचारा, आवाज न चढवता. कायद्याचं सांगायचं तर कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. दहावीतल्या मुलाला त्यासाठी कोणी बेड्या घालणार नाही, तेव्हा ती भीती घालू नका. पोकळ धमकी मुलांना लगेच कळते. मात्र तुम्हाला ते माहीत असलेलं बरं. विक्री आजपासून बंद, त्यावर चर्चा नाही. बाकी सगळ्यावर चर्चा होऊ द्या, कारण काही मुद्द्यांत मुलाचं बरोबर आहे.

किमतीचंच घ्या. हा स्पायडरमॅन 2022 मध्ये पीसीवर आला तेव्हा अमेरिकेत 60 डॉलरला होता आणि इथे 3,999 रुपयांना. त्या वेळच्या दराने रुपये केले तर आपल्याला उलट थोडं स्वस्तच पडलं. पण डॉलरच्या दरापेक्षा मजुरीच्या हिशोबात किंमत जास्त कळते. अमेरिकेतली केंद्रीय किमान मजुरी तासाला सव्वासात डॉलर. म्हणजे तिथला सगळ्यात कमी पगाराचा माणूस आठ-साडेआठ तास राबला की गेम त्याचा. आपल्याकडे रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये. तोच गेम इथे जवळपास तेरा दिवसांच्या कामाचा झाला. हे गणित त्याच्यासमोर, त्याच्या बाजूने करा. 'ही किंमत आपल्यासारख्यांना डोळ्यासमोर ठेवून लावलेली नाही,' हे वडिलांनी कबूल केलं की पुढचं ऐकून घ्यायला तोही जरा मऊ होईल.

पण सगळेच गेम असे नाहीत, आणि हे त्यानं तुम्हाला सांगितलं नसणार. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसानं काही वर्षं खपून बनवला आणि 2016 मध्ये आणला. अमेरिकेत तो 15 डॉलरला मिळतो, आपल्याकडे पाचशे रुपयांच्या आत. स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक देशासाठी वेगळी किंमत ठेवता येते. दुकान चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी आकडा सुचवते, शेवटचा निर्णय गेम काढणाऱ्याचा. काही जण आपली कमाई बघून किंमत लावतात, काही नुसता डॉलरचा रुपया करून मोकळे होतात. या सवलतीचा गैरफायदाही घेतला जातो. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात गेम फार स्वस्त, म्हणून जगभरातले लोक व्हीपीएन लावून आपण तिथलेच असल्याचं भासवायचे. दोन्ही देशांची चलनंही घसरत होती. नोव्हेंबर 2023 मध्ये व्हॉल्व्हनं तिथे स्थानिक चलन बंद करून डॉलर लावला आणि खऱ्याखुऱ्या तिथल्या पोरांना अनेक गेम एका रात्रीत कितीतरी पट महाग झाले. उद्या कोणी तुमच्या मुलाला 'दुसऱ्या देशातून घे, स्वस्त पडतं' असं शिकवलं तर हे त्याच्या कानावर असू द्या.

त्याचा दुसरा प्रश्न अवघड आहे. कंपनीचं काय गेलं?

खरं उत्तर असं की कधी काहीच जात नाही आणि कधी बरंच जातं. युरोपियन कमिशननं इकोरिस या संस्थेकडून एक मोठा अभ्यास करून घेतला होता. तो 2015 मध्ये पूर्ण झाला, पण लोकांसमोर आला 2017 मध्ये, तोही युरोपियन संसदेचे तेव्हाचे सदस्य फेलिक्स रेडा (तेव्हाचं नाव युलिया) यांनी मागे लागून मिळवला म्हणून. त्यात नवे गाजलेले सिनेमे सोडले तर पायरसीमुळे विक्री घटते याचा भक्कम आकडेवारीचा पुरावा सापडला नव्हता, गेमच्या बाबतीतही नाही. म्हणजे नुकसान होत नाही असं सिद्ध झालं का? तेही नाही, आणि अहवालातच तसं म्हटलं होतं. मग 2024 मध्ये एक अभ्यास आला. डेनुवो नावाचं कुलूप, म्हणजे कॉपी करता येऊ नये म्हणून घातलेलं सॉफ्टवेअर, लावलेल्या गेमांचा. पहिल्याच आठवड्यात कुलूप फुटलं तर कमाई सरासरी वीसेक टक्क्यांनी घटते आणि बारा आठवड्यांनंतर फुटलं तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही, असं त्यात दिसलं. तुमच्या मुलाला हे दोन्ही सांगा. एकच सांगितलंत तर दुसरं तो स्वतः शोधून काढेल आणि मग तुमचं काहीच ऐकणार नाही.

मला स्वतःला या वादात सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट 2013 ची वाटते. क्लुग आडनावाच्या दोन भावांनी ग्रीनहार्ट गेम्स या नावाखाली 'गेम डेव्ह टायकून' काढला. खेळणाऱ्यानं स्वतःची गेम कंपनी चालवायची, असा तो गेम. किंमत आठ डॉलर, कुलूपबिलूप काही नाही. त्याच दिवशी त्यांनी स्वतःच एक 'क्रॅक', म्हणजे चोरटी वाटावी अशी आवृत्ती टॉरेंटवर, लोक एकमेकांना फुकट फाइली वाटतात तिथे, सोडली. फरक एवढाच की तिच्यात काही वेळानंतर खेळणाऱ्याच्या कंपनीचे गेम लोक फुकट उतरवून घ्यायला लागतात आणि कंपनी बुडते. पहिल्या दिवशी विकत घेऊन खेळणारे निघाले 214 आणि क्रॅकवाले तीन हजारांच्या वर, म्हणजे 93.6 टक्के. गंमत पुढेच आहे. त्या क्रॅकवाल्यांपैकी काही जण इंटरनेटवर येऊन तक्रार करू लागले की माझी कंपनी पायरसीमुळे बुडतेय, गेममध्ये कुलूप लावायची काही सोय आहे का! तुमच्या मुलाला हा किस्सा नक्की आवडेल. त्याला हसू द्या, आणि मग विचारा की इथे तर किंमत आठ डॉलर होती, मग चार हजारांचा मुद्दा कुठे गेला? किंमत हे कारण असतं, पण दरवेळी नसतं. फुकट ते पौष्टिक ही वृत्ती जगभर आहे, आपल्यापुरती नाही.

व्हॉल्व्हचे गेब न्यूएल 2011 पासून सांगत आलेत की पायरसीचं मूळ बहुतेक वेळा किमतीत नसून सेवेत असतं: चोरटी प्रत मिळवणं सोपं आणि अस्सल मिळवणं कटकटीचं, असं असलं की लोक पहिलीकडे वळतात. दुकानदाराच्या सोयीचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं, पण पोलंडमध्ये हे खरंच करून दाखवलं गेलंय. वॉर्सात 1990 च्या दशकात बाजारात उघड्यावर कॉपी केलेल्या सीडी मिळायच्या, आपल्याकडे लॅमिंग्टन रोडला मिळायच्या तशाच. 1994 मध्ये सुरू झालेल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीनं बाहेरचे गेम आणून विकायला सुरुवात केली. 1999 मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' पोलिशमध्ये आणला, नावाजलेल्या पोलिश नटांचे आवाज घेऊन, आणि जाडजूड खोक्यात नकाशा, पुस्तिका, गाण्यांची सीडी असं सगळं घातलं. बाजारातल्या कॉपीवाल्याला हे देणं जमणार नव्हतं. लोकांनी आपणहून पैसे मोजले. पुढे याच कंपनीनं 'विचर' हा स्वतःचा गेम बनवला. आपल्याकडे चार हजारांचा शिक्का मारणाऱ्यांनी यातलं काय केलं, हा प्रश्न मुलानं विचारला तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन.

तरीही एका गोष्टीत मी त्याच्या बाजूने नाही. 'मला परवडत नाही' यापासून 'म्हणून मला हक्क आहे' इथपर्यंत तो फार पटकन पोचतो. औषध परवडत नसेल, क्रमिक पुस्तक परवडत नसेल, तर मी वेगळं बोलले असते. स्पायडरमॅन या महिन्यात खेळला नाही म्हणून काही अडत नाही. महाग वस्तू न घेता राहणं हेसुद्धा गिऱ्हाइकाचं म्हणणं असतं, आणि दुकानदाराला ते कळतं. टॉरेंटवरून उतरवली की फक्त वस्तूची मागणी कळते, किमतीबद्दलचा राग कळत नाही.

'कंपनी' म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर काचेची इमारत येत असेल. त्याला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सबद्दल सांगा. 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा त्यांचा गेम. 2017 मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी नेटानं काम करत 2020 मध्ये गेम बाजारात आणला. अशा छोट्या चमूला पहिल्या काही आठवड्यांतली विक्री म्हणजे पुढचा गेम होणार की नाही याचं उत्तर असतं. स्पायडरमॅन काढणाऱ्या सोनीचा गेम आणि पुण्यातल्या मूठभर माणसांचा गेम एकाच पेनड्राइव्हवर टाकताना त्यानं हा फरक केला होता का, हे मला जाणून घ्यायला आवडेल. बहुतेक नसेल.

एक सूट मात्र मी मनापासून देते. पैसे मोजून घेतलेला गेम कंपनीनेच नंतर बंद केला तर? युबिसॉफ्टनं 'द क्रू' हा गाड्यांचा गेम मार्च 2024 अखेरीस बंद केला आणि पैसे भरलेल्यांना तो खेळता येईनासा झाला. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिला दहा लाखांवर सह्या मिळाल्या. अमेरिकेत जुने गेम जतन करणाऱ्या एका संस्थेनं 2023 मध्ये मोजलं, तर तिथे निघालेल्या अभिजात गेमांपैकी 87 टक्के आता बाजारात मिळतच नाहीत. जे विकायलाच ठेवलेलं नाही ते कोणी जपून ठेवलं, खेळलं, तर मी बोट उगारणार नाही. तुमच्या-माझ्या पिढीनं टीव्हीला जोडून खेळलेली '9999 इन 1' ची कॅसेट कुठे अस्सल होती? पण तुमच्या मुलाचा स्पायडरमॅन आजही विकायला आहे. ही सूट त्याला लागू नाही.

आता कोरल. तुम्ही गप्प बसलात. पण ती गप्प बसून संपणारी गोष्ट नाही. 'चोरी ती चोरीच' असं तुम्हाला पटवायचंय. कायदासुद्धा तसं म्हणत नाही. बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही सॉफ्टवेअर वापरलं तर कलम 63 ब लागतं: किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. पण वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर खास कारणं नोंदवून न्यायालय कैद माफ करू शकतं आणि नुसता 50 हजारांपर्यंत दंड करू शकतं. बघा म्हणजे. घरी बसून खेळणाऱ्या मुलाला कायद्यात थोडी जागा आहे. फ्लेक्सचे पैसे घेणाऱ्या दुकानदाराला ती नाही. आणि मला वाटतं कायद्यानं रेघ योग्य जागी ओढलीय. त्यानं गेममधून संध्याकाळ काढली, तुम्ही कोरलमधून घर चालवलंत. (पन्नास रुपये घ्यायला लागल्यापासून तो तुमच्या बाजूला येऊन बसलाय, हेही त्याला कळू द्या.)

लगेच सगळं बदला असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक कोरलची सीडीआर फाइल घेऊन येतं आणि संध्याकाळपर्यंत बॅनर मागतं, हे मला ठाऊक आहे. इंकस्केप हे कोरलसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे, कायदेशीर आहे. सीडीआर त्यात कधी उघडते, कधी विस्कटते. म्हणून नवी कामं त्यात करून बघा, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, पावतीपुस्तकं. फोटोचं काम गिंप किंवा क्रिटा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. अक्षरांसाठी 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत आणि फ्लेक्सवर छान दिसतात. तेवढ्यानं भागलं नाही तर कोरलच्या लायसन्ससाठी दर महिन्याला रक्कम बाजूला टाकायला लागा. आणि हे मुलासमोर करा. हवं तर इंकस्केप शिकायला त्यालाच बसवा, तुमच्याआधी शिकेल.

आणखी एक कारण आहे, नीतीशी संबंध नसलेलं. ज्या मशीनवर तो क्रॅक उतरवतो त्याच मशीनवर तुम्ही बँकेत लॉगिन करता, जीएसटी भरता, गिऱ्हाइकांच्या आधारच्या प्रती काढता. 2021 मध्ये अवास्ट कंपनीनं क्रॅकोनॉश नावाचा व्हायरस शोधला. क्रॅक केलेल्या गेममधून तो शिरायचा, अँटिव्हायरस आणि विंडोजचे अपडेट बंद पाडायचा आणि चोरून आभासी चलन खणायचा. दोन लाखांवर कॉम्प्युटरना लागण झाली होती, भारतातल्याही. पेनड्राइव्ह वर्गभर फिरून परत तुमच्याच मशीनला लागतो, हे विसरू नका. आठवडाभरात विंडोज नव्यानं टाका (अस्सल!), बँकेचे पासवर्ड बदला.

गेमसाठी काय करायचं? एपिक गेम्स स्टोअर दर आठवड्याला निदान एक गेम फुकट देतं आणि एकदा घेतला की तो खात्यात राहतो. मे 2020 मध्ये त्यांनी जीटीए 5 दिला तेव्हा गर्दीनं त्यांचं दुकानच कोलमडलं होतं. स्टीमवर यूपीआय चालतं. घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून आवडला नाही तर पैसे परत मिळतात, त्यामुळे 'आधी बघून घेतो' या सबबीलाही फारसा अर्थ उरत नाही. घरातल्या सहा जणांपर्यंत गेम आपापसात वापरता येतात. भावंडं असतील तर फायदा. फक्त बाहेरच्या साइटवर स्वस्तात मिळणाऱ्या 'की', म्हणजे गेम खात्यात घेण्यासाठीचे कोड, घेऊ नका. जी2ए या बाजारात 'फॅक्टोरिओ'च्या 198 चोरीच्या की विकल्या गेल्याचं 2020 मध्ये त्यांनाच मान्य करावं लागलं आणि बनवणाऱ्यांना भरपाई द्यावी लागली. अशा बाजाराला कंटाळून, तिथून घेण्यापेक्षा सरळ पायरेट करा, असं काही छोट्या गेमकारांनी जाहीरपणे म्हटलंय. कारण चोरीच्या कार्डावर घेतलेल्या कीचा परतावा त्यांच्या गळ्यात येतो.

नेट बंद करू नका, अभ्यासाचंही त्यावरच चालतं. चार हजारांचा गेमही घेऊन देऊ नका. भांडण जिंकल्याचं बक्षीस वाटेल ते. महिन्याला दीडशे-दोनशे, जे तुम्हाला जमेल ते, 'गेमचे' म्हणून ठरवा आणि ते साठवू द्या. तुमच्या पत्नीचं दहावीबद्दलचं म्हणणं रास्त आहे, पण त्याचा गेमच्या किमतीशी संबंध नाही. वेळापत्रक वेगळं ठरवा. रात्रीचा तास परीक्षेपर्यंत शनिवार-रविवारवर आणलात तरी चालेल. बोर्डाचे पेपर मार्चमध्ये संपतील आणि स्टीमचा उन्हाळी सेल जूनच्या शेवटी लागतो. सोनीचे जुने गेम सेलमध्ये निम्म्याच्या आसपास येतात. त्याला आताच स्टीमवर विशलिस्ट, म्हणजे हव्या असलेल्या गेमांची यादी, करायला सांगा.

राहिले पन्नास-पन्नास रुपये. ते ज्यांचे त्यांना परत जायला हवेत आणि तेही त्याच्याच हातानं, तुम्ही वर्गात जाऊन नव्हे. खर्च झाले असतील तर दुकानात रविवारी बसून फ्लेक्सला रिंगा ठोकायचं काम आहेच. वर्गशिक्षकांना तुम्ही एक फोन करा आणि एवढंच सांगा की पैसे परत होत आहेत, मुलाला सगळ्यांसमोर उभं करू नका.